युरोपचे निविदा-नियम देशाच्या कायद्यात उतरतात तेव्हा

निळीशाई

गेली सहा वर्षं मी युरोपात सरकारी निविदा भरण्याच्या कामात आहे. आमची कंपनी पाणीपुरवठ्याची यंत्रं विकते, मी मात्र कागद विकते असं घरचे म्हणतात. नोकरीला लागले तेव्हा समजूत अशी होती की युरोपीय संघाने नियम केले म्हणजे सगळीकडे एकच कारभार. वरवर दिसतंही तसंच. ‘टेड’ या संघाच्या निविदा-जाहिरातींच्या पोर्टलवरची जाहिरात पोर्तुगालची असो की फिनलंडची, साचा एकच. आत शिरलं की एकेका देशाची तऱ्हा दिसायला लागते. कुठे पोटकंत्राटदाराला किती टक्के काम द्यायचं यावर पहारा, कुठे किमतीच्या गुणांवर मर्यादा, कुठे गुण कसे देणार याचं गणित आधीच छापलेलं. मूळ नियम एक, मग हे सगळं आलं कुठून, याचा माग काढत बसले. हाती लागलं ते मांडते. चुकलं तिथे कान धरा.

संघ मुख्यतः दोन तऱ्हांनी कायदा करतो. ‘रेग्युलेशन’ झालं की ते आहे तसं सगळ्या देशांत लागू. ‘डायरेक्टिव्ह’चं तसं नसतं. संघाच्या कामकाजाच्या कराराचं २८८ वं कलम सांगतं की डायरेक्टिव्हने जे साधायला सांगितलंय ते बंधनकारक, ते कसं साधायचं हे देशाने ठरवावं. सार्वजनिक खरेदी पहिल्यापासून याच वाटेने गेली आहे. १९७१ मध्ये बांधकामांसाठी डायरेक्टिव्ह आली, १९७६ मध्ये मालखरेदीसाठी. सध्या चालू आहेत त्या २०१४ च्या तीन. २०१४/२४ ही सर्वसाधारण सरकारी खरेदीची, २०१४/२५ पाणी, ऊर्जा, वाहतूक आणि टपाल यांची, आणि २०१४/२३ ही अशा करारांची, ज्यात कंत्राटदार सेवा चालवतो आणि पैसे वापरणाऱ्यांकडून वसूल करतो. देशांना मुदत होती १८ एप्रिल २०१६.

ब्रिटन तेव्हा संघात होता. स्कॉटलंड वगळता बाकीच्या भागासाठी त्याने २६ फेब्रुवारी २०१५ लाच नियम लागू केले, मजकूर जवळपास शब्दशः उतरवलेला. जर्मनीने बरोबर मुदतीच्या दिवशी. इटलीने घाईघाईत नवी संहिता काढली आणि मग तिच्यातल्या चुकांचं दुरुस्तीपत्रक काढलं. स्पेनचा कायदा मार्च २०१८ ला लागू झाला, ऑस्ट्रियाचा ऑगस्ट २०१८ ला.

प्रश्न असा: शब्दशः उतरवणं बरं, की आपल्या कायद्याच्या घडीत बसवून नव्याने लिहिणं?

पोटकलम

छान धागा. उत्तर वकिली आहे, म्हणजे अर्थातच ‘अवलंबून आहे’. :)

शब्दशः उतरवण्याचा फायदा सरळ आहे. युरोपीय आयोग (संघाचं कार्यकारी अंग) कलमाला कलम लावून बघतो आणि काही सुटलेलं सापडत नाही. पण डायरेक्टिव्हमधली बरीच वाक्यं ‘सदस्य देश असं करू शकतील’ अशी आहेत. ती उतरवायची कशी? तिथे निवड करावीच लागते आणि न करणं हीसुद्धा निवडच असते. २०१४/२४ मधून काही नमुने देतो. कामाचे तुकडे केले नाहीत तर का नाही याचं कारण अधिकाऱ्याने लिहून ठेवायचं, हा किमान नियम (कलम ४६). देशाला वाटलं तर तुकडे करणं सक्तीचं करता येतं. नुसत्या किमतीवर कंत्राट देण्याला देश बंदी घालू शकतो (कलम ६७). पोटकंत्राटदाराला सरकारने थेट पैसे देण्याची सोय करू शकतो (कलम ७१). राजकारण होतं ते या ‘शकतो’ वर. संसदेत चर्चा व्हायला हवी ती याच्यावर, आणि शब्दशः उतरवणारे देश ती चर्चा कायदेखात्याच्या एखाद्या खोलीत उरकून टाकतात.

तुम्ही पाहिलेली किमतीवरची मर्यादा बहुधा पोलंडची. २०१६ च्या दुरुस्तीत त्यांनी सरकारी खरेदीदारांसाठी किमतीचं वजन साधारणपणे ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं घातलं. डायरेक्टिव्हमध्ये असा आकडा नाही.

सहीशिक्का

त्या ६० टक्क्यांची गोष्ट टेबलाच्या या बाजूने सांगतो. मी एका नगरपालिकेच्या खरेदी-विभागात आहे (देश सांगत नाही). किमतीला ६० म्हणजे उरलेल्या ४० चं काहीतरी करायला हवं. दर्जा मोजायचा तर माणसं लागतात, वेळ लागतो, आणि हरलेल्याने तक्रार केली तर प्रत्येक गुणाचा हिशेब द्यावा लागतो. मग अधिकारी काय करतो? हमीचा काळ किती, बिल किती दिवसांत भरायचं, असले निकष घालतो. सगळे निविदाकार जास्तीत जास्त हमी लिहून देतात, सगळ्यांना ४० पैकी ४०, आणि कंत्राट पुन्हा किमतीवरच जातं. कायदा पाळला गेला, कायद्याला जे हवं होतं ते राहिलं बाजूला.

यात आळस नसतो, लेखापरीक्षकाची भीती असते. स्वस्त घेतलं तर कुणी विचारत नाही, महाग घेतलं तर कारण लिहायला लागतं.

उपटसुंभ

मग हा सगळा खटाटोप कशाला? सरळ रेग्युलेशन करा, सत्तावीस देशांत एकच मजकूर, विषय संपला. युरोपवाल्यांना साधं काही आवडतच नाही.

पोटकलम

@उपटसुंभ, मजकूर एक झाला तरी तो ज्या न्यायालयात वाचला जातो ती न्यायालयं एक नाहीत. फ्रान्समध्ये सरकारी कंत्राट म्हटलं की बहुतेकदा प्रशासकीय न्यायालय, त्यांचा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र परंपरा. जर्मनीत तक्रार आधी खरेदी-मंडळाकडे जाते आणि मग वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाकडे. इंग्लंडमध्ये नेहमीचं हायकोर्ट.

जर्मनीची गोष्ट थोडी लांबवतो, कारण या धाग्याचा गाभा तिच्यात आहे असं मला वाटतं. तिथे सरकारी खरेदीचे नियम परंपरेने अंदाजपत्रकाच्या कायद्याचा भाग. म्हणजे काटकसरीने खर्च करा हा सरकारने स्वतःच्या नोकरांना दिलेला हुकूम. तो मोडला तर वरिष्ठ ओरडतील, पण निविदा हरलेल्या कंपनीचा संबंध काय? १९९३ मध्ये युरोपचे नियम उतरवतानाही त्यांनी हीच चौकट ठेवली आणि निविदाकाराला कसलाही हक्क मिळणार नाही याची काळजी घेतली. डायरेक्टिव्हचा हेतू नेमका उलटा होता. परदेशी निविदाकाराला दाद मागता आली पाहिजे, तरच बाजार खुला. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका प्रकरणात जर्मनीला सुनावलं की ज्याला हक्क द्यायचा त्याला तो कायद्यात स्पष्ट दिसला पाहिजे आणि न्यायालयात बजावता आला पाहिजे. शेवटी १ जानेवारी १९९९ पासून हा विषय अंदाजपत्रकातून उचलून स्पर्धा-कायद्याच्या चौथ्या भागात नेऊन ठेवला. तो आजही तिथेच आहे.

बघा, वाक्यं बहुतेक तीच होती, फक्त कपाट बदललं. पण कपाट बदलल्यावर निविदाकार फिर्यादी झाला.

अनुस्वार

+१. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. देशाने मुदतीत काहीच केलं नाही तर? स्पेनमध्ये त्या दोन वर्षांत खरेदी बंद होती का?

निळीशाई

बंद कशी असेल? त्यांच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एक त्यांचा २०११ चा जुना कायदा आणि दुसरा डायरेक्टिव्हमधली ती कलमं, जी पुरेशी स्पष्ट आणि बिनशर्त असल्यामुळे थेट लागू होतात. कुठलं कलम थेट चालतं, कुठलं नाही, हे अधिकाऱ्याने ठरवायचं. आमच्या एका सहकाऱ्याने तेव्हा स्पेनची निविदा भरली होती, तो अजून ते दिवस काढतो.

पोटकलम

यावरचा निकाल मिलानचा आहे, १९८९ चा, ‘फ्रातेल्ली कोस्तान्झो’. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी स्टेडियमचं काम होतं. एका निविदाकाराचा दर फारच कमी म्हणून महापालिकेने त्याला सूत्राने बाद केलं. तेव्हाचा इटलीचा नियमच तसा होता, सरासरीच्या अमुक खाली गेलात की आपोआप बाहेर. डायरेक्टिव्ह म्हणत होती की आधी त्याला विचारा, हा दर कसा परवडतो, मग ठरवा. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की देशाचा कायदा डायरेक्टिव्हच्या स्पष्ट तरतुदीच्या आड येत असेल तर तो बाजूला ठेवण्याचं कर्तव्य न्यायाधीशाचं तर आहेच, महापालिकेचंही आहे.

सहीशिक्का

वाचायला भारदस्त वाटतं हो. प्रत्यक्षात मी एक साधा खरेदी-अधिकारी. मी संसदेचा कायदा बाजूला ठेवू? उद्या चूक निघाली तर चौकशी माझी, न्यायालयाची नाही. या निकालावर माझ्याइतकी झोप कुणी घालवली नसेल.

पोटकलम

तक्रार रास्त आहे. म्हणूनच वेळेत आणि नीट उतरवणं हे खालच्या माणसाचं संरक्षण आहे असं मी मानतो. बाकी @अनुस्वार, उशिराबद्दल देशावर कारवाई होते. आयोग आधी पत्र पाठवतो, मग कारणांसह मत, मग न्यायालयात नेतो. संघाच्या कामकाजाच्या कराराच्या २६० व्या कलमामुळे डायरेक्टिव्ह उतरवल्याचं कळवलंच नाही तर पहिल्याच फेरीत दंडही मागता येतो. शिवाय १९९१ च्या ‘फ्रँकोविच’ निकालापासून, डायरेक्टिव्ह न उतरवल्याने कुणाचं नुकसान झालं तर ठराविक अटींवर तो सरकारकडून भरपाई मागू शकतो. तो खटला खरेदीचा नव्हता, दिवाळखोर मालकांच्या कामगारांच्या थकलेल्या पगाराचा होता, पण तत्त्व सगळीकडे लागू.

मुंगीपावली

आयर्लंडमधून हजेरी. निळीशाईताई पाण्याच्या धंद्यातल्या म्हणून ही खास भेट. :)

डंडॉक गावाची पाणीयोजना. निविदेत लिहिलं होतं की पाइप आयरिश मानक १८८ प्रमाणे प्रमाणित हवेत. ते प्रमाणपत्र असलेली कंपनी जगात एकच, आणि ती आयरिश. स्पेनमध्ये बनलेले पाइप आंतरराष्ट्रीय मानकात बसत होते, तरी ती निविदा विचारात घेतली नाही. १९८८ मध्ये निकाल लागला: मानकापुढे ‘किंवा समतुल्य’ एवढे शब्द घातले असते तर भागलं असतं, न घातल्याने मालाच्या मुक्त वाहतुकीचा भंग झाला. गंमत अशी की तेव्हाची खरेदी-डायरेक्टिव्ह पाणीपुरवठ्याला लागूच नव्हती. निकाल आला तो थेट संघाच्या मूळ करारावरून.

म्हणजे देशाने डायरेक्टिव्ह तंतोतंत उतरवली म्हणून तो सुटला असं नाही. तिच्या खाली करार असतोच.

निळीशाई

ही गोष्ट मला आधी कळती तर! आमच्या प्रत्येक तांत्रिक तक्त्यात ‘किंवा समतुल्य’ शोधत बसते, ते या डंडॉकचं देणं तर.

आणि मर्यादेखालच्या खरेदीचं? डायरेक्टिव्ह लागू होते ती ठराविक रकमेच्या वर. २०२४-२५ मध्ये ही मर्यादा होती बांधकामांना ५५,३८,००० युरो, केंद्रीय खात्यांच्या माल आणि सेवांना १,४३,०००, स्थानिक संस्थांना २,२१,०००, आणि माझ्या पाणीवाल्यांना ४,४३,०००. हे असे विचित्र आकडे का, याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. जागतिक व्यापार संघटनेच्या खरेदी-करारात मर्यादा नाणेनिधीच्या एसडीआर या एककात आहेत आणि दर दोन वर्षांनी त्या युरोत बदलून घेतात.

पोटकलम

मर्यादेखाली देश मोकळे, पण अगदीच मोकाट नाहीत. ‘टेलाऑस्ट्रिया’ निकाल (२०००) सांगतो की दुसऱ्या देशातल्या कंपनीला रस असू शकेल असं कंत्राट असेल तर पुरेशी जाहिरात हवीच. किती म्हणजे पुरेशी, यावर वकिलांची घरं चालतात.

कडकलक्ष्मी

सगळे ‘डायरेक्टिव्हपेक्षा जास्त काही घालू नका, तो सोन्याचा मुलामा’ असं म्हणतात, त्यावर मला बोलायचंय. इटलीचं उदाहरण घ्या. कामाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग पोटकंत्राटदाराला देता येणार नाही असा त्यांचा नियम होता. कारण माफिया. बांधकामात गुन्हेगारी टोळ्या शिरतात त्या बहुतेकदा पोटकंत्राटांच्या साखळीतून, मग साखळी आखूड करा. २०१९ मध्ये ‘विताली’ निकालाने तो नियम डायरेक्टिव्हविरुद्ध ठरवला. ब्रुसेल्समध्ये बसून मुक्त बाजार शिकवणं सोपं आहे.

पोटकलम

निकाल लक्झेंबर्गचा (युरोपीय न्यायालय तिथे बसतं), ब्रुसेल्सचा नाही. ;) आणि न्यायालयाने हेतू चुकीचा म्हटलेला नाही. गुन्हेगारीला आळा घालणं हे रास्त कारण आहे हे मान्य केलं. आक्षेप सरसकटपणाला होता. काम कुठलंही असो, पोटकंत्राटदार कुणीही असो, अधिकाऱ्याला तपासायची संधीच नाही, ३० म्हणजे ३०. मिलानच्या स्टेडियमचा नियम आठवा, तीच खोड. अधिकाऱ्यावर विश्वास नाही म्हणून कायदा त्याच्या हातात आकडा देतो, आणि डायरेक्टिव्ह म्हणते आकडा नको, माणसाने बघून ठरवावं. इटलीने २०२१ मध्ये सरसकट मर्यादा काढली आणि २०२३ मध्ये संहिताच नवी आणली.

सहीशिक्का

‘माणसाने बघून ठरवावं’ हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावतो. त्याच्या शेजारी त्या माणसाची भरती किती वर्षं बंद आहे तेही लावतो.

उपटसुंभ

पन्नास वर्षं नियम करून हाती काय लागलं तेही सांगा की. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाचा २०२३ चा २८ वा विशेष अहवाल बघा. २०११ ते २०२१ मध्ये एका निविदेमागे सरासरी निविदाकार ५.७ वरून ३.२ वर आले. एकच निविदा आलेली कंत्राटं जवळपास दुप्पट, ४१.८ टक्के. यात २०१४ च्या सुधारणा आल्या आणि गेल्या. स्पर्धा वाढवायला निघाले होते ना?

निळीशाई

आकडे खरे आहेत आणि मला ते जाणवतात. पण निविदा न भरण्याचा निर्णय आमच्याकडे होतो तेव्हा मी त्या खोलीत असते म्हणून सांगते. कायद्यामुळे ‘नको’ असं आम्ही क्वचित म्हणतो. भाषा, स्थानिक सेवाकेंद्राची अट, दंडाची कलमं, आणि ‘हे आधीच कुणासाठी तरी लिहिलंय’ हा वास. तो वास कुठल्याच कायद्यात पकडता येत नाही. चांगल्या बदलांचाही उल्लेख व्हावा. २०१४/२४ च्या कलम ५८ मुळे आता कंत्राटाच्या दुपटीहून जास्त वार्षिक उलाढाल मागायची तर खास कारण द्यावं लागतं. त्याआधी पाचपट मागणारी निविदाही मी पाहिली आहे.

अनुस्वार

दुसरी शंका. भारतातली एखादी कंपनी युरोपात निविदा भरते, तिला हे सगळे हक्क मिळतात का?

पोटकलम

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर अलीकडे बदललं. क्रोएशियातल्या रेल्वेच्या कामात ‘कोलिन’ या तुर्की कंपनीने तक्रार केली होती. २२ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणालं की ज्या देशाचा संघाशी खरेदीबाबत परस्पर खुलेपणाचा करार नाही, तिथल्या कंपनीला समान वागणुकीचा हक्क डायरेक्टिव्ह देत नाही. निविदा भरू द्यायची का, कुठल्या अटींवर, हे खरेदी करणारी संस्था ठरवेल. आणि या धाग्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढे आहे. क्रोएशियाने डायरेक्टिव्ह उतरवताना ‘कुठलाही निविदाकार’ अशा अर्थाची सरसकट भाषा वापरली असेल, तरी तिचा लाभ अशा कंपन्यांना देता येत नाही. बाहेरच्या जगाशी व्यापार हा संघाचा एकट्याचा अधिकार, तिथे देशाच्या संसदेचा शब्द चालत नाही. भारत जागतिक व्यापार संघटनेच्या खरेदी-करारात निरीक्षक आहे, सभासद नाही, तेव्हा त्या कराराचा आधार मिळत नाही. ज्या कंपनीचा युरोपात नोंदलेला उद्योग आहे तिची गोष्ट वेगळी.

उपटसुंभ

म्हणजे जिथे देशाला मोकळीक हवी तिथे नाही, नको तिथे आहे. चालू द्या.

मुंगीपावली

शेजारच्या ब्रिटनवर कुणी बोललंच नाही. शब्दशः उतरवलेलं ब्रेक्झिटनंतरही अनेक वर्षं तसंच चालू राहिलं. त्यांचा स्वतःचा २०२३ चा खरेदी-कायदा प्रत्यक्षात लागू झाला २४ फेब्रुवारी २०२५ ला. कंत्राट कुणाला द्यायचं याचा जो निकष, ‘आर्थिकदृष्ट्या सर्वात फायदेशीर निविदा’, त्यातलं ‘आर्थिकदृष्ट्या’ त्यांनी काढून टाकलं. स्वतंत्र झाल्यावर पहिलं काय केलं, तर एक क्रियाविशेषण उडवलं. (अन्याय करतेय थोडा. नोटिसांची पद्धत, वगळण्याची यादी, बरंच बदललंय.)

निळीशाई

@कडकलक्ष्मी, मुलाम्याबद्दल तुमच्या बाजूने एक उदाहरण सापडलं. २०१६ च्या ‘दिमार्सो’ निकालात, बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या प्रकरणात, युरोपीय न्यायालयाने सांगितलं की निकष आणि त्यांची वजनं आधी जाहीर हवीत, पण प्रत्यक्ष गुण देण्याची पद्धत निविदेतच छापली पाहिजे असं नाही. डेन्मार्कचा कायदा त्याआधीच, १ जानेवारी २०१६ ला लागू झाला होता आणि त्याच्या १६० व्या कलमाप्रमाणे मूल्यमापनाची पद्धत आधी सांगावीच लागते. त्यापूर्वी ते एका आदेशाला डायरेक्टिव्ह जोडून मोकळे होत. स्वतः लिहायला बसले तेव्हा हे कलम आलं.

फरक काय पडतो? डॅनिश निविदा आली की मी गणिताच्या तक्त्यात आमचे दोन-तीन दर घालून बघते आणि किंमत पाच टक्क्यांनी उतरवावी की देखभालीचा माणूस वाढवावा हे अर्ध्या दिवसात साहेबांना सांगू शकते. बाकी ठिकाणी हेच अंदाजाने. गेल्या महिन्यात एका दुसऱ्या देशात आम्ही दर्जावर पैसे ओतले आणि सूत्र असं निघालं की दर्जातला फरक किमतीपुढे दिसेनासा झाला. सूत्र कळलं ते हरल्याच्या पत्रात.

सहीशिक्का

सूत्र आधी ठरवलेलं होतं का, एवढं विचारा त्यांना. दिमार्सोचं दुसरं अर्धं तेच आहे. पाकिटं उघडण्याआधी पद्धत ठरलेली असायला हवी, अगदीच अपवाद सोडला तर. आणि पत्र आलंय ना? मग थांबण्याचे दिवस मोजा, पत्र इलेक्ट्रॉनिक असेल तर किमान दहा. त्या आत कंत्राटावर सही होत नाही. हे दिवसही एका ऑस्ट्रियन प्रकरणातून आले आहेत, ‘अल्काटेल’, १९९९. कंत्राट दिलं त्याच दिवशी सही झाली आणि बाकीच्यांना बातम्यांतून कळलं.

निळीशाई

पत्र मागच्या महिन्यातलं. सही झालीसुद्धा. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी विचारते.